डकवीड: वनस्पती दोन दिवसांत दुप्पट होते, पैसा होतो का?

या आठवड्याच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच होता: "मॅडम, डकवीडचा बिझनेस करू का?" व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून संपूर्ण हिशेब इथे लिहून देतेय. वही-पेन घेऊन बसा. वाचून झाल्यावर तुम्हाला स्वतःचे आकडे टाकायचे आहेत.

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे खरे पैसे आहेत. कोणी टाक्या बांधायला कर्ज काढायच्या विचारात आहे, कोणी बियाण्याचं "किट" विकत घ्यायच्या. म्हणून आज आधी विज्ञान बघू, मग हिशेब, आणि शेवटी कोणी करावं आणि कोणी करू नये ते.

१. आधी ओळख पटवू या

तळ्यावर, डबक्यावर हिरव्या टिकल्यांसारखा जो थर तरंगतो, तो बऱ्याचदा डकवीडचा असतो. आपल्याकडे लोक त्याला सरसकट शेवाळ म्हणतात, पण ते शेवाळ नाहीये. ती फूल येणारी वनस्पती आहे. तिचे पाच प्रकार शास्त्रज्ञ मानतात: स्पायरोडेला, लँडोल्टिया, लेम्ना, वुल्फिएला आणि वुल्फिया. यातली वुल्फिया ही जगातली सगळ्यात लहान सपुष्प वनस्पती. रव्याच्या कणाएवढी, मुळं नाहीत, पानं नाहीत.

दोन गोष्टींशी गल्लत करू नका. जलपर्णी वेगळी, तिला मोठी पानं आणि जांभळी फुलं येतात. आणि अझोला वेगळा. हा फरक धंद्यासाठी फार महत्त्वाचा आहे. अझोला ही नेचेवर्गातली वनस्पती. तिच्या पानात निळं-हिरवं शेवाळ राहतं आणि ते हवेतला नत्र पकडून देतं. डकवीडकडे असा भागीदार नाही. तिला लागणारा नत्र तुम्हाला पाण्यातून द्यावा लागतो. म्हणजे "पाण्यावर फुकट प्रोटीन" असं कोणी म्हणालं, तर पहिला प्रश्न विचारा: नत्र कुठून येणार?

२. संशोधन काय सांगतं?

डकवीड ही काल-परवाची फॅशन नाहीये. झुरिचचे वनस्पतिशास्त्रज्ञ एलियास लँडोल्ट यांनी आयुष्यभर तिचे नमुने जगभरातून जमवले. लँडोल्टिया हे नाव त्यांच्यावरूनच आलं. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठात एस. सी. माहेश्वरी यांनी १९६० च्या दशकात वुल्फिया मायक्रोस्कोपिका या भारतीय जातीला प्रयोगशाळेत फुलं कशी आणायची यावर काम केलं. २०१४ मध्ये स्पायरोडेलाचा पूर्ण जीनोम वाचून प्रसिद्ध झाला.

आपल्या कामाचे निष्कर्ष असे:

- वाढ: चांगल्या परिस्थितीत दीड ते तीन दिवसांत दुप्पट. वुल्फिया मायक्रोस्कोपिकाला प्रयोगशाळेत जेमतेम ३० तास लागतात.
- प्रोटीन: वाळवलेल्या वजनाच्या साधारण २० ते ४५ टक्के. पाण्यात नत्र भरपूर असेल तर आकडा वर, पाणी उपाशी असेल तर खाली.
- पाणी: ताज्या डकवीडमध्ये ९२ ते ९५ टक्के पाणीच असतं. ही ओळ अधोरेखित करा, पुढे सगळं इथेच अडणार आहे.
- सफाई: सांडपाण्यातला नत्र आणि फॉस्फरस ती शोषून घेते. पण त्याच बरोबर कॅडमियमसारखे जड धातूही घेते. ती विषारी पदार्थांना इतकी संवेदनशील आहे की रसायनांची चाचणी करायला लेम्ना वापरण्याची एक आंतरराष्ट्रीय पद्धतच आहे, ओईसीडीची चाचणी क्रमांक २२१.

शेवटच्या मुद्द्याचा सरळ अर्थ: एमआयडीसीच्या नाल्यातली डकवीड कोंबडीला किंवा माशाला घालायची नाही. ती कितीही हिरवीगार दिसली तरी नाही.

३. "दुप्पट" या शब्दाची जादू

आता जाहिरातीतलं गणित करू. १ किलो डकवीड, दर दोन दिवसांनी दुप्पट. महिन्यात १५ वेळा दुप्पट. किती झाली? ३२,७६८ किलो! ऐकणाऱ्याचे डोळे मोठे होतात.

पण ती ठेवणार कुठे? डकवीड पाण्याच्या फक्त पृष्ठभागावर वाढते. एका चौरस मीटरवर १ किलोचा दाट थर धरला, तरी एवढ्या मालाला ८ एकर पाणी लागेल. आणि थर दाट झाला की खालच्या रोपांना उजेड मिळत नाही, वाढ मंदावते. म्हणजे खरा आकडा "किती दिवसांत दुप्पट" हा नाहीच. खरा आकडा आहे "एका चौरस मीटरमधून रोज किती ग्रॅम काढता येतात".

माझ्या पशुखाद्याच्या दुकानात कोणी "हा माल लय फिरतो" म्हणालं की मी विचारते, रॅकची जागा किती खातो? इथेही तेच. तुमचं रॅक म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग.

चांगल्या व्यवस्थापनात चौरस मीटरला रोज ५० ते १०० ग्रॅम ताजी डकवीड मिळते. बांगलादेशातल्या कामाचा हिशेबही याच टप्प्यात येतो, हेक्टरला दिवसाला अर्धा ते एक टन.

४. एका गुंठ्याचा हिशेब

एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. मधला आकडा घेऊ, ७५ ग्रॅम.

- रोजची ताजी डकवीड: ७.५ किलो
- त्यातला सुका भाग ६ टक्के धरला: ४५० ग्रॅम
- त्यात प्रोटीन ३० टक्के धरलं: १३५ ग्रॅम

आता हे प्रोटीन बाजारात कितीला जाईल? खाद्य घेणारा माणूस रंग बघून पैसे देत नाही, तो सोयापेंडीशी तुलना करतो. समजा सोयापेंड ४५ रुपये किलो आहे आणि तिच्यात ४५ टक्के प्रोटीन आहे. म्हणजे एक किलो प्रोटीन १०० रुपयांना पडलं. (भाव रोज बदलतात, तुमच्या गावचा टाका.)

मग तुमच्या गुंठ्यातलं १३५ ग्रॅम प्रोटीन किती रुपयांचं? साडेतेरा रुपये. रोजचे. महिन्याचे ४०० च्या आसपास.

आता खर्च बघा. एवढं प्रोटीन तयार व्हायला रोज साधारण २२ ग्रॅम नत्र लागतो. तो शेण-स्लरीतून किंवा सांडपाण्यातून आला तर ठीक. उन्हाळ्यात दिवसाला ६ मिलिमीटर पाणी उडालं असं धरा, गुंठ्यामागे रोज ६०० लिटर पाणी भरावं लागेल. टँकरवर जगणाऱ्या गावात हा धंदा इथेच संपला. शिवाय रोज उपसायला एक माणूस.

५. आणि पावडर करायची म्हटलं तर?

बरेच जण म्हणतात, "पावडर करून विकू, ऑनलाइन चांगला भाव आहे." करू या हिशेब. साडेसात किलो ताज्या मालातून जेमतेम अर्धा किलो पावडर निघते. म्हणजे ७ किलो पाणी उडवायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला कमीत कमी ०.६५ युनिट वीज लागते. म्हणजे साडेचार युनिट. ९ रुपये युनिटने ४० रुपये.

साडेतेरा रुपयांचा माल वाळवायला चाळीस रुपयांची वीज! यात मशीनचा हप्ता नाही, मजुरी नाही, पॅकिंग नाही.

उन्हात वाळवली तर वीज वाचते, बरोबर. पण मग जागा लागते, धूळ बसते, रंग उडतो, आणि जून ते सप्टेंबर काय करायचं? ओला ढीग एक दिवस पडून राहिला तरी कुजायला लागतो. ताजी गाडीत भरून ५० किलोमीटर पाठवली, तर तुम्ही डिझेल जाळून पाणी वाहून नेलं.

म्हणून आजच्या धड्याचं एक वाक्य पाठ करा: डकवीड विकायची नाही, डकवीडवर वाढलेलं काहीतरी विकायचं.

६. मिर्झापूरची केस स्टडी

हे माझं मत नाहीये, हे करून दाखवलेलं आहे. बांगलादेशात टांगाईल जिल्ह्यात मिर्झापूर नावाचं गाव आहे. तिथे कुमुदिनी हॉस्पिटलचा मोठा परिसर आहे. १९९० च्या सुमारास प्रिझम नावाच्या संस्थेने तिथल्या सांडपाण्यावर डकवीड वाढवायला सुरुवात केली. लांब, वळणावळणाचं तळं केलं. घाण पाणी एका टोकाने आत येतं, हळूहळू पुढे सरकतं, डकवीड त्यातलं पोषण खाते, आणि दुसऱ्या टोकाला बरंच स्वच्छ पाणी निघतं. १९९३ मध्ये जागतिक बँकेने डकवीड शेतीवर एक पुस्तिका काढली, तिचा पाया बऱ्याच अंशी हेच काम.

आता धंद्याच्या नजरेने बघा. रोज काढलेली डकवीड त्यांनी ना वाळवली, ना पॅक केली. ताजीच्या ताजी बाजूच्या माशांच्या तळ्यात टाकली. आणि विकले मासे.

तिथल्या नोंदींनुसार साधारण १० ते १२ किलो ताज्या डकवीडमागे १ किलो मासा मिळाला. यात तळ्यातल्या नैसर्गिक खाद्याचाही वाटा असतो. आपण सावध राहू आणि १५ किलो धरू. तुमच्या गुंठ्याची साडेसात किलो म्हणजे रोजचा अर्धा किलो मासा. ठोक भाव १२० रुपये धरला तर ६० रुपये.

तीच डकवीड. पावडर केली तर साडेतेरा रुपये आणि वर विजेचं बिल. माशाच्या पोटातून गेली तर ६० रुपये. यातून मत्स्यबीज, तळं, मजुरी वजा होईल, तो सगळा निव्वळ नफा नाही. पण पाणी उडवायचं काम माशाने वाचवलं, कारण त्याला ओलंच चालतं.

७. मग कोणी करावं?

पहिला: ज्याच्याकडे मासे, बदकं किंवा कोंबड्या आधीच आहेत. गवत्या मासा आणि तिलापिया डकवीड आवडीने खातात. बदकांचं तर नावच तिला मिळालंय. कोंबड्यांवर पेरूमध्ये झालेले प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात लेम्ना मिसळता येते असं त्यात दिसलं. पण पूर्ण खाद्य बदलायचं नाही. थोडं मिसळायचं आणि अंड्यांची नोंद ठेवायची. इथे तुमची कमाई म्हणजे खाद्याच्या बिलात झालेली बचत. मार्केटिंग नको, गिऱ्हाईक शोधायला नको.

दुसरा: ज्याच्याकडे गोबरगॅसची स्लरी किंवा गोठ्याचं पाणी वाया जातंय. नत्र फुकट मिळाला की अर्धा प्रश्न सुटला.

तिसरा: ज्याला सांडपाणी शुद्ध करण्याची सेवा विकायची आहे. वसतिगृह, मंगल कार्यालय, मोठं हॉटेल, गृहसंकुल. भारतात सुलभ इंटरनॅशनलने डकवीडवर सांडपाणी शुद्धीकरणाचं काम केलेलं आहे. इथे गिऱ्हाईक पैसे देतं ते स्वच्छ पाण्यासाठी, डकवीड हे जोड उत्पादन. मात्र यात जागा भरपूर लागते, इंजिनिअर लागतो आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष पाळावे लागतात. एकट्याने पहिल्या दिवशी करायचं हे काम नाही.

आणि कोणी करू नये? ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, फक्त कर्ज मंजूर झालंय, त्याने.

८. "माणसांच्या खाण्यात फार मागणी आहे म्हणे?"

यात तथ्य आहे. थायलंड, लाओसमध्ये लोक वुल्फिया पिढ्यान्‌पिढ्या खातात. थाई भाषेत तिला "खाय नाम" म्हणतात, म्हणजे पाण्याची अंडी. इस्रायलमध्ये मानकाई नावाने वुल्फियाची एक जात बाजारात आहे. बेन-गुरियन विद्यापीठाच्या आयरिस शाय यांच्या गटाने २९४ लोकांवर १८ महिने आहाराचा प्रयोग केला. मानकाई असलेल्या गटाची यकृतातली चरबी जास्त उतरली. पण नीट वाचा: त्या गटाला ग्रीन टी आणि अक्रोडही होते, आणि लाल मांस कमी करायला सांगितलं होतं. सगळं श्रेय एकट्या डकवीडला देता येत नाही. "संशोधनाने सिद्ध" असं पाकिटावर छापणारे हे वाक्य गाळतात.

दुसरी बाजू पण बघा. युरोपियन युनियनने २०२१ मध्ये ताज्या वुल्फियाला परवानगी दिली. पण त्याच वर्षी लेम्नाच्या पावडरीबाबत तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने मँगनीजच्या प्रमाणामुळे सुरक्षितता सिद्ध होत नाही असं म्हटलं. म्हणजे कोणती जात, कोणत्या पाण्यात वाढवली, यावर सगळं ठरतं. आपल्याकडे ज्या पदार्थाला खाण्याचा इतिहास नाही, त्याला एफएसएसएआयच्या २०१७ च्या नियमांनुसार आधी मंजुरी घ्यावी लागते. डबक्यातली डकवीड मिक्सरला लावून "सुपरफूड" म्हणून विकणं हा उद्योग नाही, तो गुन्हा होऊ शकतो. आणि कोणाच्या तरी पोटाशी खेळ.

९. बायबॅकवाल्यापासून सावध

इमू आठवतोय? कडकनाथ? पक्षी खरे होते, त्यांचे गुणही खरे होते. बुडवलं ते "तुम्ही वाढवा, आम्ही विकत घेतो" या योजनांनी. उद्या कोणी डकवीडचं किट पन्नास हजारांना देऊन बायबॅकचा करार दाखवला, तर चार प्रश्न विचारा:

१. तुम्ही माझ्याकडून घेतलेला माल पुढे कोणाला विकता? त्याचं बिल दाखवा.
२. तुमची कमाई माल विकून होते की किट विकून?
३. वाळवणीचा खर्च कोण करणार?
४. मूठभर डकवीड महिन्यात टाकी भरते, मग बियाण्याचे एवढे पैसे कशाचे?

चौथ्या प्रश्नावर गप्प झाला की चहा पाजा आणि निरोप द्या.

१०. ३० दिवसांचा प्रयोग

कर्ज नको, टाकी नको. दोन टब किंवा प्लास्टिक अंथरलेले दोन खड्डे, प्रत्येकी एक चौरस मीटर, एक फूट खोल.

- एकात साधं पाणी, दुसऱ्यात गाळलेली पातळ स्लरी. पाण्याला फिकट चहासारखा रंग यावा, त्याहून गडद नको.
- प्रत्येकात निथळलेली ४०० ग्रॅम डकवीड सोडा. स्वच्छ तळ्यातली आणा आणि धुऊन घ्या.
- कडक ऊन असेल तर शेडनेट लावा. तिला साधारण २० ते ३० अंश मानवतं. वाऱ्याने एका कडेला गोळा होत असेल तर बांबूची चौकट तरंगत ठेवा.
- पहिला आठवडा हात लावू नका. मग दर दोन दिवसांनी वाढीव माल चाळणीने काढा, दहा मिनिटं निथळा, वजन करा, वहीत लिहा.
- वही अशी आखा: तारीख, वजन, टाकलेलं पाणी, लागलेली मिनिटं. शेवटचा रकाना विसरू नका, तुमचा वेळ हा पण खर्च आहे.

महिन्याने दोन टबांतला फरक बघा. नत्राची किंमत तुम्हाला कोणी शिकवायची गरज राहणार नाही. आणि उरलेली डकवीड गावच्या तलावात फेकू नका. थर दाट बसला की खालचा उजेड आणि ऑक्सिजन कमी होतो आणि मासे गुदमरतात.

गृहपाठ

वहीत तीन ओळी लिहा. माझ्याकडे नत्र कुठून येतो? माझ्याकडे ओली डकवीड खाणारं कोण आहे? त्या खाणाऱ्यापासून टब किती पावलांवर आहे? तिन्हींची उत्तरं तुमच्या स्वतःच्या आवारात सापडली, तर टब भरा. एकाचंही उत्तर "बघू, कोणीतरी घेईल" असं आलं, तर पैसे बँकेतच राहू द्या.

तुमचे ३० दिवसांचे आकडे कमेंटमध्ये टाका, चांगले आले तरी आणि वाईट आले तरी. पुढच्या व्हिडिओत त्यातलेच दोन-तीन हिशेब घेऊन आपण माशांच्या तळ्याचं पूर्ण बजेट मांडू. तोपर्यंत, आधी वही आणि मग गुंतवणूक. भेटू या!